१८ बाय २४ इंचांची पाटी

न्यू जर्सीतील आमच्या गावात आम्ही काही पालक मिळून दर रविवारी मराठी शाळा चालवतो. शाळेला स्वतःची इमारत नाही. एका सार्वजनिक शाळेच्या चार वर्गखोल्या आम्ही रविवारी सकाळी तीन तासांसाठी भाड्याने घेतो आणि दुपारी वर्गातले फळे पुसून, खुर्च्या होत्या तशा लावून बाहेर पडतो. त्यामुळे इथे मराठी शिकवले जाते हे रस्त्यावरून जाणाऱ्याला कळण्याचा काही मार्ग नाही. ऑगस्टच्या अखेरीस नोंदणी सुरू झाली की पालक आपापल्या घरासमोरच्या हिरवळीवर एक लहान पाटी रोवतात. पन्हाळी प्लास्टिकचा १८ बाय २४ इंचांचा, म्हणजे बरोबर तीन चौरस फुटांचा तुकडा आणि खालून त्याच्या पोकळ पन्हाळींत घुसवलेली तारेची चौकट, एवढीच ती वस्तू असते. इथे तिला यार्ड साइन म्हणतात. आमच्या पाटीवर वरच्या कोपऱ्यात एक दगडी पाटी काढलेली आहे, तिच्यावर ‘श्री’ लिहिले आहे, त्याखाली ‘मराठी शाळा : नोंदणी सुरू’ ही देवनागरी ओळ आणि त्याखाली तेच इंग्रजीत.

दोन वर्षांपूर्वी आम्ही अशा १४ पाट्या लावल्या. नवव्या दिवशी त्यांतल्या पाच नाहीशा झाल्या, आणि शाळेच्या पत्रव्यवहारासाठी माझ्या घराचा पत्ता दिलेला असल्यामुळे त्याच आठवड्यात टाउनशिपच्या, म्हणजे गावाच्या स्थानिक प्रशासनाच्या, झोनिंग विभागाची (जमिनीच्या वापराचे नियम पाहणाऱ्या खात्याची) नोटीस माझ्याकडे आली. पाच पाट्या सार्वजनिक जागेत असल्यामुळे उचलल्या आहेत, उरलेल्या नऊ खासगी जागेत असल्या तरी विनापरवाना आहेत, आणि दहा दिवसांत त्या काढल्या नाहीत किंवा परमिटसाठी अर्ज केला नाही तर प्रकरण म्युनिसिपल कोर्टात जाईल, असे तिच्यात लिहिले होते. नोटिशीत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या होत्या हे मला तेव्हा उमगले नाही. पुढचे वर्षभर मी जे काही शिकले ते या दोन गोष्टी वेगळ्या करण्यातूनच शिकले.

पहिल्या गोष्टीत चूक संपूर्णपणे आमची होती. आमच्या रस्त्याची कायदेशीर रुंदी ५० फूट आहे आणि डांबरी भाग ३० फुटांचा. उरलेले दहा-दहा फूट दोन्ही बाजूंना घरांसमोर पसरलेले आहेत. त्यांत कर्बलगतची, म्हणजे डांबरी रस्त्याच्या उंच कडेलगतची, गवताची पट्टी येते, साइडवॉक येतो आणि साइडवॉकच्या आतली थोडी हिरवळही येते. हे गवत घरमालक कापतो, त्याला पाणी घालतो, बर्फ पडले की साइडवॉक साफ करतो, आणि साहजिकच ती जागा आपली आहे असे मानतो. पण ती राईट ऑफ वे, म्हणजे सार्वजनिक रस्त्याचाच भाग असते. घर घेताना मिळालेला सर्व्हेचा नकाशा मी अकरा वर्षांत पहिल्यांदा कपाटातून काढला, मोजपट्टी घेऊन कर्बपासून दहा फूट मोजले, तेव्हा माझी स्वतःची पाटीसुद्धा हद्दीच्या जेमतेम फूटभर आत असल्याचे दिसले. ज्या पाच गेल्या त्या सर्व कर्ब आणि साइडवॉक यांच्यामधल्या पट्टीत रोवलेल्या होत्या.

त्या पाचांपैकी एक पाटी चौकातल्या कोपऱ्यावरच्या घरासमोर होती, आणि तिच्याबद्दल मला आजही अपराधी वाटते. कोपऱ्यावर दोन रस्त्यांच्या हद्दरेषा जिथे मिळतात तिथून दोन्ही बाजूंना ठराविक अंतर मोजून एक त्रिकोण आखतात. आमच्याकडे ते अंतर २५ फूट आहे. या त्रिकोणात ३० इंचांहून उंच काहीही ठेवता येत नाही, कारण थांबलेल्या गाडीतल्या माणसाला आडव्या रस्त्यावरून येणारे वाहन दिसले पाहिजे. त्या घरातल्या शेजाऱ्यांनी आणि मी नंतर मुद्दाम एक प्रयोग केला. मी गाडी स्टॉप साइनपाशी उभी केली, त्यांनी पाटी जुन्या जागी धरली, आणि त्यांची आठ वर्षांची मुलगी साइडवॉकवरून सायकलीने आली. ती पाटीमागे गेली की मला तिचे हेल्मेटसुद्धा दिसत नव्हते. हा नियम ज्याने लिहिला त्याच्याविषयी त्या दिवसापासून माझ्या मनात आदर आहे.

मी साताऱ्याची. चौकाचौकांत लागलेल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सनी सिग्नल आणि दिशादर्शक फलक झाकून टाकलेले मी पाहिले आहेत. बेकायदा होर्डिंग आणि फ्लेक्सच्या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात जी जनहित याचिका दीर्घकाळ चालली ती साताऱ्याच्याच सुस्वराज्य फाउंडेशनची होती, याचा मला अभिमान वाटतो. त्यामुळे पाट्यांना नियम असावेत की नसावेत हा प्रश्न माझ्यापुढे कधीच नव्हता. सार्वजनिक रस्ता सर्वांचा आहे आणि त्यावर कोणीच काही रोवू नये, हे मला मान्यच आहे. अडचण सुरू झाली ती स्वतःच्या हिरवळीवरच्या नऊ पाट्यांची.

नोटीस घेऊन मी दुसऱ्याच दिवशी टाउनशिपच्या इमारतीत गेले. झोनिंग अधिकारी सौजन्याने वागले. उचललेल्या पाचही पाट्या त्यांनी माती पुसून कोपऱ्यात उभ्या करून ठेवल्या होत्या आणि दंड न घेता त्या परत दिल्या. मग परमिटचा अर्ज समोर ठेवून त्यांनी विचारले, “पाटी कोणत्या प्रकारची आहे?” अर्जावर चौकटी होत्या: राजकीय, धार्मिक कार्यक्रम, धर्मादाय किंवा शैक्षणिक कार्यक्रम, गराज सेल, बांधकाम कंत्राटदार, घरविक्री. प्रत्येकाचे नियम निराळे होते. राजकीय पाटीला परमिट लागत नव्हते आणि ती मतदानाआधी ४५ दिवस ठेवता येत होती. घरविक्रीच्या पाटीलाही परमिट नको होते आणि मुदतही नव्हती. धार्मिक कार्यक्रमाच्या पाटीला परमिट लागत होते पण शुल्क नव्हते, आणि मुदत होती १४ दिवसांची. धर्मादाय-शैक्षणिक पाटीला परमिट, शुल्क, प्रत्येक घरमालकाची सही, जागा दाखवणारे रेखाटन, अनामत रक्कम, आणि मुदत फक्त सात दिवस.

त्यांनी आमची पाटी हातात घेतली आणि देवनागरी ओळीवर बोट ठेवून, ती काय म्हणते, असे विचारले. मी सांगितले. मग त्यांनी ‘श्री’वर बोट ठेवले. “हे काय आहे? धार्मिक चिन्ह आहे का?”

या प्रश्नाचे खरे उत्तर मला देता येईना. माझ्या आजोबांनी माझा हात धरून पाटीवर पहिले अक्षर गिरवून घेतले ते हेच. आपल्याकडे कोणत्याही कामाच्या आरंभाला आपण श्रीगणेशा म्हणतो, म्हणजे त्यात देव आहेच. पण पत्राच्या माथ्यावर, दुकानाच्या वहीच्या पहिल्या पानावर आणि माणसाच्या नावाआधी हेच अक्षर लिहिताना आपण पूजा करत नसतो. मी त्यांना एवढेच म्हणाले, की आमच्याकडे मूल लिहायला शिकते तेव्हा पुष्कळदा याच अक्षरापासून सुरुवात करते. त्यांनी क्षणभर विचार केला आणि शैक्षणिक या चौकटीत खूण केली. त्यांचा हेतू प्रामाणिक होता आणि निर्णयही कदाचित बरोबर होता. पण एका अक्षराचा अर्थ मी थोडा वेगळा सांगितला असता तर माझ्या पाटीचे आयुष्य सात दिवसांवरून चौदा दिवसांचे झाले असते, आणि जो अर्थ ठरवायचा होता तो ठरवणाऱ्याला ते अक्षर वाचताही येत नव्हते. हे मनातून जाईना.

घरी येताना शेजारच्या हिरवळीवर शाळा मंडळाच्या उमेदवाराची पाटी दिसली, १८ बाय २४ इंचांचीच, त्याच प्लास्टिकची, त्याच तारेवरची. तिला काहीही लागत नव्हते. वाऱ्याने ती पडण्याची शक्यता आमच्या पाटीइतकीच होती आणि वाहनचालकाच्या दृष्टीच्या आड येण्याचा धोकाही तेवढाच.

मुदत संपत आली होती म्हणून मी अर्ज भरला, नऊ घरी जाऊन सह्या घेतल्या, शुल्क आणि अनामत भरली. परमिट बाराव्या दिवशी आले. तोवर नोंदणीचा पहिला रविवार उलटून गेला होता. दरम्यान टाउनशिपच्या संकेतस्थळावरील स्थानिक कायद्यांच्या संहितेत पाट्यांचे पूर्ण प्रकरण मी वाचून काढले. इथे गावाच्या अशा कायद्याला ऑर्डिनन्स म्हणतात. अर्जावर सहा चौकटी होत्या, संहितेत अकरा प्रकार निघाले. ते वाचताना जो प्रश्न माझ्या मनात आला तो याआधी कोणाच्या मनात आला असेलच, या विश्वासाने मी शोध घेऊ लागले, आणि जे सापडले ते वाचून मी थक्क झाले.

अ‍ॅरिझोनातील गिल्बर्ट या गावात एक लहान चर्च होते. त्याला स्वतःची इमारत नव्हती. रविवारची प्रार्थना कधी एखाद्या शाळेत, कधी आणखी कुठल्या जागेत भरत असे. म्हणून चर्चचे लोक शनिवारी १५ ते २० पाट्या लावत आणि रविवारी दुपारी काढून घेत. गिल्बर्टच्या नियमांत वैचारिक पाटी २० चौरस फुटांपर्यंत आणि कितीही काळ चालत होती, राजकीय पाटी निवासी जागेत १६ चौरस फुटांची, आणि कार्यक्रमाचा रस्ता दाखवणारी पाटी मात्र फक्त सहा चौरस फुटांची, कार्यक्रमाआधी १२ तास आणि नंतर एक तास. चर्चवर मुदत मोडल्याची कारवाई झाली, पाद्री क्लाइड रीड न्यायालयात गेले, आणि १८ जून २०१५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सर्व न्यायमूर्तींच्या एकमताने गावाच्या विरोधात निकाल दिला. न्यायमूर्ती क्लॅरेन्स टॉमस यांनी लिहिलेल्या निकालाचा गाभा असा, की पाटीवर काय लिहिले आहे त्यावरून तिला लागू होणारा नियम बदलत असेल तर तो नियम अभिव्यक्तीच्या आशयावरचे बंधन ठरतो आणि त्याला अत्यंत कडक कसोटी लागते. दिशा दाखवणारी पाटी वैचारिक पाटीपेक्षा गाव अधिक विद्रूप करते किंवा वाहतुकीला अधिक धोकादायक असते, असे गिल्बर्टला दाखवता आले नाही. त्याच निकालात हेही स्पष्ट केले आहे, की आकार, साहित्य, प्रकाशयोजना, हलणारे भाग यांवर गावाला नियम करता येतात आणि सार्वजनिक जागेत सर्वांना सारखी बंदीही घालता येते. म्हणजे आमच्या पाच पाट्या उचलणे योग्य होते आणि नऊ पाट्यांना चौकटीत बसवणे बहुधा योग्य नव्हते. इमारत नसलेल्या त्या चर्चची कथा वाचताना मला आमच्या भाड्याच्या वर्गखोल्या आठवत राहिल्या.

याच ओघात आणखी दोन निकाल वाचले. मिसुरीतील लॅड्यू गावात मार्गारेट गिलिओ या बाईंनी डिसेंबर १९९० मध्ये आखाती युद्धाला विरोध करणारी पाटी आपल्या अंगणात लावली. ती नाहीशी झाली, दुसरी कोणीतरी पाडली, त्यांनी पोलिसांत तक्रार केली तेव्हा अशा पाट्यांना गावात मनाईच आहे असे त्यांना सांगण्यात आले. शेवटी त्यांनी साडेआठ बाय अकरा इंचांचा साधा कागद घराच्या खिडकीत लावला, आणि त्या कागदावरून १९९४ मध्ये गावाचा नियम रद्द झाला. आपल्या घरासमोर लावलेली पाटी बोलणारा कोण आहे हेही सांगते आणि म्हणून तिची जागा दुसरे माध्यम घेऊ शकत नाही, हा त्या निकालातला विचार मला फार मोलाचा वाटतो. आमच्या भागात एखाद्या दारात ‘मराठी शाळा’ दिसते तेव्हा नवीन आलेल्या कुटुंबाला शाळेच्या पत्त्याइतकेच महत्त्वाचे हे कळते, की या घरात मराठी बोलणारे कोणीतरी राहते. गेल्या काही वर्षांत निदान चार घरांशी आमची ओळख अशीच, दार वाजवून झाली आहे.

दुसरा निकाल आमच्याच राज्यातला. विलिंगबरो येथे गोरी कुटुंबे घाबरून घरे विकू लागली होती. ती गळती थांबावी, मिश्र वस्ती टिकावी, म्हणून तिथल्या कौन्सिलने १९७४ मध्ये ‘घर विकणे आहे’ अशा पाट्यांवर बंदी घातली. हेतू इतका चांगला असूनही १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली, आणि निकाल लिहिणारे होते थर्गुड मार्शल, ज्यांचे आयुष्य वर्णभेदाविरुद्ध लढण्यात गेले होते. हा निकाल मी दोनदा वाचला. लोकांना एखादी माहिती कळली तर ते चुकीचे वागतील, एवढ्या भीतीपोटी ती माहिती झाकता येत नाही, हे तत्त्व आपल्याला प्रिय असलेल्या उद्दिष्टाच्या आड येत असतानाही पाळायचे, यासाठी लागणारे मनोबल मोठे आहे.

आमच्यातले एक पालक टाउनहाउसच्या वसाहतीत राहतात. त्यांची पाटी टाउनशिपने नव्हे तर होमओनर्स असोसिएशनने काढायला लावली. असोसिएशन ही वसाहतीतल्या घरमालकांची खासगी संस्था असल्यामुळे वरचे निकाल तिला थेट लागू होत नाहीत. मात्र न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये, पार्सिपनी येथील एका वसाहतीच्या प्रकरणात, राज्याच्या घटनेच्या आधारे असा निर्णय दिला आहे, की घरविक्रीची पाटी वगळता बाकी सर्व पाट्यांना सरसकट मनाई करून रहिवाशाला स्वतःच्या घरात राजकीय पाटी लावू न देणे अवैध आहे. तो निकाल राजकीय अभिव्यक्तीचा आहे, शाळेच्या नोंदणीचा नव्हे, म्हणून त्या पालकांनी वाद न घालता मंडळाच्या बैठकीत विनंती केली आणि खिडकीत एक पाटी लावण्याची परवानगी मिळवली.

ऑक्टोबरमध्ये मी टाउनशिपच्या क्लर्ककडे सार्वजनिक कागदपत्रांच्या कायद्याखाली अर्ज केला. अशा अर्जाला साधारणपणे सात कामकाजी दिवसांत उत्तर द्यावे लागते आणि ते सातव्या दिवशी आले. पाट्यांच्या प्रकरणात शेवटचा बदल २००९ मध्ये झाला होता, म्हणजे गिल्बर्टच्या निकालाआधी सहा वर्षे. कोणी मुद्दाम अन्याय केला नव्हता; जुने प्रकरण पुन्हा उघडून पाहण्याचे राहून गेले होते. हे कळल्यावर माझ्या पत्राचा सूर बदलला. तक्रारीऐवजी मी दोन पानांचे निवेदन लिहिले, त्यात आमच्या पाच पाट्यांची चूक आधी मान्य केली, आणि मग ‘श्री’चा प्रसंग जसा घडला तसा मांडला.

राज्याच्या कायद्याप्रमाणे कौन्सिलच्या प्रत्येक सभेत नागरिकांच्या बोलण्यासाठी वेळ राखून ठेवावा लागतो. आमच्याकडे प्रत्येकाला तीन मिनिटे मिळतात. मी घरी घड्याळ लावून पाच वेळा वाचून पाहिले. सभेत बोलताना दोन्ही पाट्या, आमची आणि शेजाऱ्यांच्या परवानगीने आणलेली उमेदवाराची, पाठमोऱ्या धरल्या आणि म्हणाले, की आता यांतल्या कोणत्या पाटीला परमिट लागते ते मागून पाहून सांगता यायला हवे. टाउनशिपच्या वकिलांनी मुद्दा नोंदवून घेतला. तीन महिने काही घडले नाही. फेब्रुवारीत नव्या ऑर्डिनन्सचे पहिले वाचन झाले. हा झोनिंगचा विषय असल्यामुळे मसुदा आधी प्लॅनिंग बोर्डाकडे गेला, ज्याला अभिप्रायासाठी ३५ दिवस असतात, आणि मार्चच्या अखेरीस दुसऱ्या वाचनाच्या वेळी जाहीर सुनावणी झाली.

मसुदा बहुतांशी चांगला होता. अकरा प्रकार गेले होते. प्रत्येक निवासी घराला चार तात्पुरत्या पाट्या, एक पाटी सहा चौरस फुटांपर्यंत, उंची चार फुटांपर्यंत, दिवा नको, राईट ऑफ वेमध्ये नको, कोपऱ्याच्या त्रिकोणात नको, आणि परमिटची गरज नाही. घर विक्रीला असताना एक जादा पाटी, पण त्या जादा पाटीवर काय लिहावे याबद्दल काहीही म्हटलेले नाही. मालकाने तिच्यावर कविता लिहिली तरी चालेल. मसुदा करणाऱ्याचे हे कौशल्य मला फार आवडले, कारण त्यात गरज ओळखली आहे आणि तरीही पाटी वाचावी लागत नाही.

एक कलम मात्र खटकणारे होते: कोणतीही तात्पुरती पाटी वर्षातून ६० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येणार नाही. या कलमावर त्या संध्याकाळी खरी चर्चा झाली. चाळीस वर्षे गावात राहिलेले एक वृद्ध गृहस्थ कलमाच्या बाजूने बोलले. निवडणूक संपल्यावर महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या, उन्हाने फिक्या पडलेल्या, बर्फात मोडलेल्या पाट्यांचा त्यांना त्रास होत होता, आणि त्यांनी आणलेली छायाचित्रे पाहून तो त्रास खरा आहे हे मलाही मान्य करावे लागले. त्यांच्यानंतर एक बाई बोलल्या. त्यांचा मुलगा सैन्यात परदेशी आहे आणि तो परत येईपर्यंत त्याच्या नावाची पाटी दारात राहावी अशी त्यांची इच्छा होती. साठाव्या दिवशी ती काढायला मला कोण सांगणार, एवढेच त्या म्हणाल्या. माझी पाळी आली तेव्हा मी लिहून आणलेले बाजूला ठेवले आणि म्हणाले, की काकांचा आक्षेप पाटीच्या अवस्थेला आहे, तिच्या वयाला नाही, तर नियमही अवस्थेचाच करावा.

वकिलांनी कलम बदलले: फाटलेली, कललेली, अक्षरे पुसट झालेली पाटी सूचना मिळाल्यापासून ठराविक दिवसांत काढावी किंवा बदलावी. मसुद्यात महत्त्वाचा बदल झाल्यामुळे तो पुन्हा प्रसिद्ध करून पुन्हा सुनावणी घ्यावी लागली आणि ऑर्डिनन्स मे महिन्यात मंजूर झाला. त्या शेवटच्या सभेला ते वृद्ध गृहस्थही आले होते. बाहेर पडताना त्यांनी मला आमच्या पाटीवरच्या देवनागरी ओळीचा उच्चार विचारला आणि ‘शाळा’तला ‘ळ’ तीन वेळा म्हणून पाहिला.

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही पुन्हा १४ पाट्या लावल्या. लावण्याआधी प्रत्येक पालकाला स्वतःचा सर्व्हेचा नकाशा पाहायला सांगितले आणि नकाशा सापडला नाही तिथे कर्बपासून बारा फूट मोजून खुंटी मारली. कोपऱ्यावरच्या घराची पाटी आता दाराच्या पायऱ्यांजवळ असते. नोंदणी संपल्यावर सगळ्या गोळा केल्या, कारण हे पन्हाळी प्लास्टिक आमच्याकडे घरोघरी होणाऱ्या रिसायकलिंगमध्ये घेत नाहीत आणि पाटीवर वर्ष छापलेले नसल्यामुळे ती पुढच्या वर्षी वापरता येते. दोन पाट्यांवरचा ‘श्री’ उन्हाने फिकट झाला होता. तो मुलांनी शाळेच्या शेवटच्या तासाला जाड काळ्या पेनाने गिरवून घेतला.